नदीवरच्या राजवाड्यात तू बोललास ते

किसन,

साल दोन हजार तेवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. त्या वयाला माणूस देवळाच्या पारावर बसून दुसऱ्यांच्या सुना मोजतो, आणि आपण तिघं फ्रान्सात राजवाडे बघत हिंडत होतो. मी, तू, आणि कारखान्याच्या वजनकाट्यावर सगळी नोकरी काढलेला पोपटराव. खूळ पोपटरावचंच. त्याच्या पुण्याच्या जावयानं टूरवाल्याकडं आपली नावं घातली. तू आधी नाहीच म्हणालास. मग पोपटराव तुझ्या बांधावर येऊन एवढंच बोलला, "किसनराव, भ्या वाटतंय व्हय?" तेवढ्या शब्दावर तू तयार झालास. तो शब्द तुला कधीच सोसला नाही.

तुला जाऊन अजून आठवडा झाला नाही. मी चौथी शिकलेला माणूस, पेन धरतो तो सही करण्यापुरता. तरी लिहायला बसलोय, कारण बोलायला आता तू नाहीस आणि दुसऱ्या कुणाजवळ हे बोलायचं माझ्या जिवावर येतं. तुझा थोरला, संभाजी, कधीतरी हे वाचेल. वाचू दे. तुझी मुभा आहे. त्या राजवाड्यात तूच म्हणाला होतास, "मी हाय तोवर बोलायचं न्हाय. गेल्यावर तुला काय करायचं ते कर."

काय करायचं तेच मला कळत नव्हतं, किसन. दोन दिवस मी नुसता भिऊन बसलो होतो.

तुझी माझी ओळख झाली ती तुझं गाव बुडालं म्हणून. उजनीचं पाणी जुन्या पळसदेवात शिरलं आणि तुम्हा धरणग्रस्तांना आमच्या निरवांगीत जमिनी मिळाल्या. तुझी नेमकी माझ्या बांधाला लागून. तू बैलगाडीत घराची चौकट घालून आणलीस. घर नव्हतं, भिंत नव्हती, पण मोकळ्या माळावर तू आधी ती चौकट उभी केलीस. मी बांधावरून ओरडलो, "पाव्हणं, दार लावून घ्या, वारं येतंय आत!" तू हसला नाहीस. संध्याकाळी मात्र काड्याची पेटी मागायला आलास आणि चहा पिऊन गेलास. नंतर वैनीनं, तुझ्या बायकोनं, मला सांगितलं की त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मला ठाऊक असतं तर मी दुसरं काहीतरी ओरडलो असतो.

त्यानंतर आपला वाद सुरू झाला तो मिटलाच नाही. तू उसाला पाणी द्यायचास, मोटार चालू करायचास, पाटात उतरून चिखल काढायचास. पण नीरेच्या काठाला गेला नाहीस. बैल धुवायला गडी जायचा. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की जुन्या पळसदेवाचं देऊळ पाण्यातून वर निघतं, माणसं मोटारसायकली घेऊन बघायला जातात. मी दर उन्हाळ्याला तुला म्हणायचो, "चल की, तुझंच गाव हाय, बघून येऊ." तू नाही म्हणायचास.

"भितोस तू पाण्याला," मी म्हणायचो.

"भीत न्हाय. माझं त्या पाण्याशी बोलणं न्हाय."

"पाण्याशी कुणाचं बोलणं असतंय रे?"

"तुझं बायकूशी नसतंय तसंच हाय ते."

सगळे हसायचे. मी पण हसायचो, आणि घरी जाताना मला वाटायचं, भितोच हा. राग असता तर काठावर जाऊन थुंकून तरी आला असता. हे मी तुला तोंडावर सांगायचो आणि तू तंबाखू मळत राहायचास.

विमानात तू खिडकीची झडप ओढून घेतलीस आणि उतरेपर्यंत उघडली नाहीस. खाली समुद्र आहे असं पोपटराव सांगायला लागला तर म्हणालास, "असू दे की. त्यानं मला बोलावलंय का?"

तिथं चार-पाच राजवाडे बघितले. सगळे मला सारखेच वाटले. सोन्याच्या चौकटी, भिंतीवर मेलेली माणसं, आणि त्यांच्या डोळ्यांचं ते बघणं. तू म्हणालास, "शिवा, हितं पाव्हण्याला पाणी सुदिक विचारणारं कुणी उरलं न्हाय बघ." मग तो शेवटचा राजवाडा आला. नाव मला अजून म्हणता येत नाही. गाडीतून उतरून झाडांच्या रांगेतून चालत गेलो, आणि समोर दिसलं ते बघून मीच थांबलो. आख्खा राजवाडा नदीत. नीरेवरच्या बंधाऱ्यावर कुणी दोन मजले चढवावेत तसा. खाली कमानी, कमानीतून वाहतं पाणी, वर खिडक्या.

मी तुझ्याकडं बघितलं. तू टोपी काढून परत घातलीस.

"न्हाय जायाचं तर बसू आपुन हितंच बाकड्यावर," मी म्हणालो.

"का? तुझं पाय दुखत्यात?" तू म्हणालास आणि पुढं झालास.

टूरबरोबर आलेली मृणाल नावाची पुण्याची पोरगी होती, तिच्या हातात सगळ्यांचे पासपोर्ट, सगळ्यांची तिकिटं. ती आधी वरच्या मजल्यावर घेऊन गेली. तिथं एक काळी खोली होती. छत काळं, भिंती काळ्या, पलंगाचे पडदे काळे. मृणाल म्हणाली, राजा मेल्यावर राणी मरेपर्यंत या खोलीत बसून होती. पोपटराव म्हणाला, "आमच्यात तेराव्याला गोड खात्यात." त्या काळ्या भिंतीला तू एक बोट लावून बघितलंस, ओल आहे का बघावं तसं. मला ते आवडलं नाही. तिथून मला बाहेर पडावंसं झालं.

खाली आलो तर एक लहानसं देवघर लागलं. त्यांच्या देवाचं, रंगीत काचांचं. सगळे तसेच बुटासकट आत गेले. आपण दोघं दाराशी थांबलो, एकमेकांकडं बघितलं, आणि बूट काढून भिंतीला लावून ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं. देव कुणाचा का असेना, पायात घालून आत कसं जायचं? हात जोडले. तू डोळे मिटून उभा राहिलास, जरा जास्तच वेळ. डोळे उघडले तेव्हा आपली माणसं पुढच्या दारानं निघून गेली होती. आपण बुटासाठी मागं वळलो, तर समोरून दुसऱ्या देशाच्या माणसांचा लोंढा आला. त्यांना आत यायचं होतं, आपल्याला बाहेर जायचं होतं, आणि त्या राजवाड्यात आल्या दारानं परत जायची रीत नव्हती. लोटत लोटत त्यांनी आपल्याला पुढं नेलं. मी म्हणत होतो, "अवो ताई, बूट, आमचं बूट!" कोण ऐकतंय. पायात नुसते मोजे. आणि लोंढा जिथं येऊन सुटला ते त्या नदीवरचं लांब दालन होतं.

काळ्या-पांढऱ्या फरशीचं. दोन्ही बाजूंना खिडक्या आणि दोन्ही बाजूंना पाणी. फरशी गार. मोज्यातून तळव्याला कळत होतं, खालून काहीतरी सारखं चाललंय. टूरवाल्यानं दिलेल्या पिवळ्या टोप्यांची आपली माणसं कुठंच दिसेनात. मी घाबरलो, हे आज लिहितो. पासपोर्ट त्या पोरीकडं, बोली येत नाही, गाडी निघून गेली तर आपण कुणाच्या दारात उभं राहायचं? मी म्हणालो, "किसन, पाय उचल, पलीकडच्या दाराला असतील."

तू उचलला नाहीस. तू दालनाच्या मधोमध उभा होतास आणि तुझा चेहरा बघून मी माझी भीती विसरलो. ओठ पांढरे पडले होते. तू भिंतीकडं सरकलास आणि दोन खिडक्यांच्या मधे खाली बसलास, मांडी घालून, पंगतीला बसावं तसा. माझं मनगट धरलंस. तुझी नखं रुतली.

"खालून वाजतंय," तू म्हणालास.

"नदी हाय. वाजणारच."

"शिवा, त्यो बोलावतोय."

"कोण?"

"बाप."

माणसं बघत बघत जात होती. एका बाईनं वाकून काहीतरी विचारलं, मी हात हलवला. आणि तू बोलायला लागलास. इतकी वर्षं बांधाला बांध लावून राहिलो, तेव्हा बोलला नाहीस, आणि तिथं परक्या राजाच्या घरात बोललास. तुझा बाप पाणी यायच्या आदल्या वर्षी गेला. त्याची राख तू नदीत सोडली नाहीस, त्याच्याच सांगण्यावरून त्याच्या रानात पुरलीस आणि वर स्वतःच्या हातानं ओटा बांधलास. मग धरण भरलं. ओट्यावर पाणी चढलं ते तू बघितलंस. पहिल्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, देऊळ वर निघालं, सगळं गाव नारळ घेऊन गेलं. तू पण गेलास. देवळाकडं नाही, रानाकडं. दिवसभर काठावर बसलास.

"देऊळ निघतंय, शिवा. बाप न्हाय निघत. आमचं रान लई खाली हाय."

दर उन्हाळ्याला मी तुला चल म्हणत होतो, आणि हे सांगावं लागू नये म्हणून तू तंबाखू मळत होतास.

"झोपंत नाकातोंडात पाणी जातंय माझ्या. म्हातारा म्हणतोय, ये. मला भ्या वाटतंय." तू तो शब्द स्वतःच्या तोंडानं बोललास. "मी मेल्यावर ही पोरं मला पाण्यात सोडतील. रीत हाय म्हणतील. तू हायस ना? मला पाण्यात सोडू द्यायचं न्हाय."

"आधी कोण मरतंय ते बघू की," मी म्हणालो.

"हसू नको."

"हसत न्हाय. न्हाय सोडू देणार."

मग तू ते मुभेचं बोललास, आणि तेवढ्यात राजवाड्यातली एक दांडगी बाई दोन बुटांचे जोड हात लांब करून, दोन बोटांत धरून आली. तिच्यामागून मृणाल रडकुंडीला येऊन पळत आली. "आजोबा, असं कुठं जायचं नसतं हो!" तू लगेच उठलास. बूट घातलेस, त्या बाईला रामराम केलास. गाडीत पोपटराव म्हणाला, "राणीनं ठिवून घेतलं का काय दोघांस्नी?" तू म्हणालास, "ठिवत हुती. पर म्हटलं, ऊस कोण घालवणार कारखान्याला?" गाडी हसली. माझ्या मनगटावर तुझ्या नखांच्या खुणा होत्या, त्या मी बाहीखाली झाकल्या.

परत आल्यावर आपण त्यावर एक अक्षर बोललो नाही. मी तुला पाण्यावरून टोचायचं सोडून दिलं. तुझ्या ते ध्यानात आलं. एकदा बांधावर म्हणालास, "आता भितोस म्हणत न्हायस मला?" मी म्हणालो, "कटाळा आला." तू माझ्याकडं बघून मान हलवलीस. त्या मान हलवण्यात जे होतं ते मला पुरलं. मला कुणी कधी भरवशाचा माणूस म्हणालं नाही, हेकट म्हणाले. तू मला तुझी भीती ठेवायला दिलीस.

आणि तीच माझ्या उरावर बसली.

बारामतीच्या दवाखान्यात मी तुला भेटलो तेव्हा तुला बोलता येत नव्हतं. सलाईनचं पाणी थेंब थेंब पडत होतं, तू त्याच्याकडं बघायचास आणि मग माझ्याकडं. मी म्हणालो, "ध्यानात हाय." नर्सनं मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

तुला तुझ्याच रानात अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी सावडलं. अस्थी आणि राख मडक्यात भरली, फडक्यानं तोंड बांधलं आणि घरात न्यायची नसते म्हणून लिंबाच्या फांदीला टांगली. तुझा चुलतभाऊ गणपत भावकीचा कारभारी होऊन सगळं ठरवत होता. "उद्या सकाळी जीप. नरसिंगपूरला संगमावर. सगळ्यांनी लवकर आवरायचं." संगमावर, किसन. नीरा मिळते ती भीमेला, आणि भीमेचं पाणी येतं ते त्याच धरणातून सुटलेलं.

मी तोंड उघडलं. गणपत म्हणाला, "आबा, काय म्हंतायसा?"

मी म्हणालो, "काय न्हाय."

काय सांगणार होतो? मी भावकीतला नाही. साक्षीला कुणी नाही. माणसं विचारणार, कुठं सांगितलं, तर फ्रान्सातल्या राजवाड्यात, बिनबुटाचं बसून. का सांगितलं, तर पाण्याचं भ्या वाटतं म्हणून. तुझी राख अजून कोमट होती आणि मी तुझ्या पोरांपुढं, सोयऱ्यांपुढं तुला भित्रा म्हणायचं? जो शब्द सोसला नाही म्हणून तू सातासमुद्रापार गेलास, तो मी तुझ्या मडक्याखाली उभं राहून उच्चारायचा? आणि नाही उच्चारला तर उद्या तू पाण्यात. घरी आलो. सूनबाईनं ताट वाढलं, हात धुवायला तांब्या पुढं केला. माझ्याच्यानं त्या पाण्यात हात घालवेना. मला आता माझंही भ्या वाटायला लागलं. मी कुणाजवळ काय सांगून ठेवलंय? आणि ज्याच्याजवळ ठेवीन तो उद्या लिंबाखाली असाच "काय न्हाय" म्हणाला तर?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तुझ्या रानात गेलो. संभाजी जीप पुसत होता. गणपत मडकं उतरवायला शिडी लावत होता.

"शिडी काढ," मी म्हणालो.

"आबा, सकाळी सकाळी काय काढलं?"

"किसन पाण्यात जायाचा न्हाय."

गणपत खाली उतरला. "तुमी कोण ठरवणार? रीत हाय ती."

"मी कुणी न्हाय. पर संभाजी, तू सांग. तुझा बाप कवा निरेला गेला? कवा पळसदेवाला देऊळ बघाया गेला?"

संभाजी म्हणाला, "न्हाय गेलं कधी. का ते आमाला न्हाय ठावं."

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी आपला वाद हरलो, किसन. आख्ख्या भावकीपुढं हरलो. मी म्हणालो, "मला ठावं हाय. मी जलमभर म्हणत आलो, भितोस. त्यो म्हणायचा, भीत न्हाय, माझं त्या पाण्याशी बोलणं न्हाय. त्याचंच खरं हुतं. त्याचं गाव गिळलं त्या पाण्यानं. इतकी वर्सं अबोला धरलेल्या माणसाला मेल्यावर त्याच पाण्याच्या दारात पाठवताय? हात-पाय बांधून?"

"रागानं काय रीत बदलती का?" गणपत म्हणाला.

तेव्हा दारातून वैनी बोलली. चार दिवसांत पहिल्यांदाच बोलली असेल. "आबा म्हंत्यात ते खरं हाय. बोलत न्हवते ते पाण्याशी." आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्यास्नी हितंच."

संभाजीनं जीपची किल्ली खिशात घातली. "कुठं ठिवायचं, आबा?"

विहिरीजवळ नको म्हणालो. उसात नको, तिथं दर आठवड्याला पाणी फिरतं. मी त्यांना तुझ्या रानाच्या वरच्या कोपऱ्याला नेलं, मुरमाच्या उंचवट्यावर, जिथं पाणी चढत नाही म्हणून तू सरकारला जलमभर शिव्या घातल्यास. टिकाव मी मागून घेतला. चार घाव घातले आणि धाप लागली, मग संभाजीनं घातले. मुरूम खडखडीत होता. हातभर खाली गेलो तरी ओल लागली नाही, मी मूठ भरून बघितली. मग तुला आत ठेवलं.

तुझा धाकटा आंब्याचं रोप आणि बादली घेऊन आला. हल्ली सगळे लावतात, सावलीला बरं.

"झाड नको," मी म्हणालो.

"का ओ आबा? आण्णांची आठवण ऱ्हाईल."

"झाडाला पाणी घालावं लागतंय."

बादली त्याला बांधापलीकडं ठेवायला लावली, आणि गुडघ्यावर बसून मी खड्ड्यात मुरूम लोटला, कोरडाच, आणि हातानं दाबून बसवला.